जलमार्ग बंद पडल्यावर: ऑगस्ट 2010 आणि माहुलच्या दोन रिफायनऱ्या

शनिवार, 7 ऑगस्ट 2010. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजं एकमेकांवर आदळली. 'एमएससी चित्रा' हे जवाहरलाल नेहरू बंदरातून 1,219 कंटेनर घेऊन बाहेर पडत होतं, 'खलिजा-3' आत येत होतं. चित्रा कलंडलं, प्राँग्स दीपगृहाजवळच्या उथळ भागात जाऊन टेकलं आणि त्याच्यावरचे कंटेनर पाण्यात कोसळू लागले. जहाजाच्या स्वतःच्या टाक्यांमध्ये 2,662 टन इंधन होतं. त्यातलं सुमारे 800 टन समुद्रात गेल्याचा अंदाज नंतर दिला गेला. कंटेनरांपैकी 31 कंटेनरांमध्ये कीटकनाशकांसारखा घातक माल होता. त्यामुळे पुढचे काही दिवस बातम्यांमध्ये तेलाचा तवंग, किनाऱ्याला लागणारी बिस्किटांची आणि कॉफीची पाकिटं आणि मासळी खावी की नाही हे प्रश्न होते. नारळी पौर्णिमा जेमतेम अडीच आठवड्यांवर होती. कोळीवाड्यांची काळजी अगदी खरी होती.

या लेखात त्याच घटनेची दुसरी बाजू पाहायची आहे. बुडालेले आणि तरंगणारे कंटेनर मुख्य जलमार्गात असल्यामुळे मुंबई बंदर आणि जवाहरलाल नेहरू बंदर या दोन्हींची वाहतूक थांबली. त्याच जलमार्गाच्या आतल्या टोकाला देशातल्या दोन मोठ्या तेलशुद्धीकरण कारखान्यांचा धक्का आहे. किनाऱ्यावरची रिफायनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चिमण्या आणि मनोरे येतात. माझ्या मते अशा कारखान्याची हद्द त्याच्या कुंपणापाशी संपत नाही, ती जलमार्गाच्या बाहेरच्या तोंडापर्यंत जाते. ऑगस्ट 2010मधले ते दिवस म्हणूनच बारकाईने अभ्यासण्यासारखे आहेत.

माहुल, बुचर बेट आणि मधलं पाणी

चेंबूरपलीकडे माहुलला हे दोन्ही कारखाने शेजारी शेजारी आहेत. स्टॅनव्हॅकचा कारखाना 1954मध्ये सुरू झाला. पुढे तो एस्सोचा झाला आणि 1974च्या राष्ट्रीयीकरणानंतर हिंदुस्तान पेट्रोलियमचा. बर्मा-शेलचा कारखाना 1955चा, 1976मध्ये सरकारने घेतलेला, आज भारत पेट्रोलियमचा. 2010मध्ये भारत पेट्रोलियमच्या कारखान्याची क्षमता वर्षाला 1 कोटी 20 लाख टन होती आणि हिंदुस्तान पेट्रोलियमची 65 लाख टन. दोन्ही मिळून दिवसाला साधारण 50 हजार टन कच्चं तेल. हा आकडा पुढच्या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी आहे.

माहुलची किनारपट्टी चिखलाची आणि उथळ आहे, मोठा टँकर तिथे लागू शकत नाही. त्यामुळे पन्नासच्या दशकात कारखान्यांबरोबरच बंदराच्या मधोमध असलेल्या बुचर बेटावर तेलाचे धक्के बांधले गेले. बेटाचं नाव पुढे जवाहर द्वीप झालं. पहिले तीन धक्के त्या काळचे, चौथा 1984चा. बेटावरून समुद्राच्या तळातून नळ टाकून तेल पीर पाव आणि माहुलच्या बाजूला आणलं जातं. घारापुरीला जाणाऱ्या लाँचमधून हे बेट सगळ्यांना दिसतं, पण तिथे उतरता येत नाही. मुंबईकर त्याच्याकडे बघतात आणि विसरतात. शहराच्या पेट्रोलपंपांपासून सांताक्रूझच्या विमानांपर्यंत बरंच काही या बेटावर अवलंबून आहे.

कच्च्या तेलाचा दुसरा रस्ता वेगळा आहे. मुंबई हायचं तेल सापडलं 1974मध्ये आणि उत्पादन सुरू झालं 1976मध्ये. ते तेल समुद्राखालच्या वाहिनीने उरणला येतं आणि तिथून बंदराच्या तळाखालून दुसऱ्या वाहिनीने तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला. हे तेल टँकरने येत नाही, पायलटची (जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्याची) वाट पाहत नाही, धुक्यात किंवा उधाणात अडकत नाही. 2010च्या कोंडीत हा रस्ता चालू राहिला. नुसता परदेशी तेलावर उभा असलेला कारखाना आणि माहुलचे कारखाने यांच्यातला हा मोठा फरक आहे.

टँकर धक्क्याला लागतो तेव्हा

कोंडी समजायची तर आधी नेहमीचा दिवस कसा असतो ते माहीत हवं.

आखातातून निघालेला टँकर मुंबईबाहेरच्या नांगरवाड्यात येऊन थांबतो आणि 'माल द्यायला तयार आहे' अशी रीतसर सूचना देतो. त्या सूचनेपासून घड्याळ चालू होतं. करारात ठरलेला वेळ उलटला की दर दिवसाला डिमरेज, म्हणजे खोळंब्याची भरपाई, भरावं लागतं. पुढे धक्का रिकामा हवा, पायलट हवा, टग हव्यात आणि पाणी हवं. मुंबई बंदराच्या जलमार्गाची नैसर्गिक खोली भरलेल्या मोठ्या टँकरला पुरत नाही, म्हणून तो भरतीवर आत आणतात. उधाणाच्या भरतीला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत ते बरंच कमी चढतं. म्हणजे एकच टँकर अमावास्येला आत येऊ शकतो आणि अष्टमीला येऊ शकत नाही, किंवा थोडा हलका करूनच येऊ शकतो. दोन-अडीच लाख टनांचे महाकाय व्हीएलसीसी टँकर इथे येतच नाहीत. ते गुजरातेत कच्छच्या आखातात वाडीनार-सिक्क्याजवळ खोल पाण्यात नांगरलेल्या बोयाला, म्हणजे नळ जोडलेल्या तरंगत्या पिंपाला लागतात, तिथूनच तेल देतात आणि निघून जातात. जामनगरची आणि माहुलची गोष्ट इथेच वेगळी होते.

टँकर जवाहर द्वीपाला लागला, दोर बांधले गेले की लगेच पंप सुरू होत नाहीत. आधी जहाज आणि किनारा यांच्या प्रतिनिधींनी सुरक्षेची यादी एकत्र तपासायची. टाक्यांच्या वरच्या मोकळ्या जागेत निष्क्रिय वायू भरलेला असतो आणि त्यातला ऑक्सिजन 8 टक्क्यांच्या खाली आहे हे बघायचं, म्हणजे ठिणगी पडली तरी पेट घेणार नाही. सर्व्हेयर प्रत्येक टाकीतली तेलाच्या वरची मोकळी उंची मोजतो. हिला अलेज म्हणतात. तळाशी किती पाणी आहे ते बघतो, नमुने घेतो. मग धक्क्यावरचे लोखंडी हार्ड आर्म जहाजाच्या मॅनिफोल्डला, म्हणजे त्याच्या नळांच्या तोंडांना जोडले जातात.

तेल ढकलण्याचं काम जहाजाचे पंप करतात, कारखान्याचे नाही. करारात बहुधा अशी अट असते की संपूर्ण माल 24 तासांत द्यावा किंवा मॅनिफोल्डपाशी दर चौरस इंचाला 100 पौंड दाब टिकवावा. सुरुवात अगदी हळू करतात, कारण पहिल्या तासात गळती दिसली तर थांबवता आली पाहिजे आणि टाकीत वेगाने पडणाऱ्या तेलात स्थिर वीज साठू नये. नंतर वेग वाढतो. शेवटच्या टप्प्यात त्याच कच्च्या तेलाचे जोरदार फवारे मारून जहाजाच्या टाक्या आतून धुतात, म्हणजे तळाचा गाळ जहाजात न राहता कारखान्याला मिळतो.

माहुलला तेल तरंगत्या छताच्या टाक्यांमध्ये येतं. छत तेलावरच बसलेलं असतं, तेल वाढलं की वर जातं, म्हणून मधे वाफ साठायला जागा राहत नाही. टाकी भरली की ते तेल लगेच युनिटला, म्हणजे शुद्धीकरणाच्या यंत्रणेला देत नाहीत. ते निवळू देतात, तळाला बसलेलं पाणी काढून टाकतात, पुन्हा मोजतात. पाणी आणि मीठ युनिटमध्ये गेलं तर पहिल्या मनोऱ्यापासून गंजायला सुरुवात होते. म्हणजे एक टाकी भरत असते, दुसरी निवळत असते, तिसरी युनिटला जात असते. बाहेरून मोजताना आपण 'एवढ्या टाक्या, एवढा साठा' म्हणतो. आतल्या माणसाला ठाऊक असतं की त्यातला तिसरा हिस्साच या क्षणी वापरता येण्याजोगा आहे. शिवाय प्रत्येक टाकीच्या तळचं तेल पंपाला उचलता येत नाही, तेही साठ्याच्या आकड्यात मात्र मोजलेलं असतं.

कोंडीचे दिवस

आता 7 ऑगस्टकडे परत येऊ. जलमार्ग बंद झाला म्हणजे नेमकं काय झालं?

बाहेर नांगरलेले टँकर आत येऊ शकत नाहीत. आत लागलेले टँकर माल देऊ शकतात, पण निघू शकत नाहीत. म्हणजे ते धक्का अडवून बसतात. तयार माल भरून बाहेर जायचं जहाजही अडकतं. सहज सुचणारा पर्याय म्हणजे पलीकडच्या न्हावा-शेव्याची, म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदराची जेट्टी. तिथे भारत पेट्रोलियम आणि इंडियन ऑइल यांची द्रव मालाची जुळी जेट्टी 2002पासून आहे. पीर पावचा धक्काही आहे. पण या सगळ्या जागांना जायचा रस्ता तोच, कुलाब्याच्या दक्षिणेकडून वळून आत येणारा. कागदावर तीन-चार वेगवेगळे धक्के दिसतात, पण त्या सगळ्यांचं दार एकच. संकटाच्या तयारीचे कागद तपासताना मी सगळ्यात आधी हे बघेन: पर्याय म्हणून लिहिलेल्या जागा खरंच वेगळ्या आहेत का?

कंटेनर हे तेलापेक्षा वाईट अडथळा ठरले. तवंग दिसतो. बुडालेला, अर्धा पाण्याखाली तरंगणारा, ओहोटीबरोबर सरकणारा कंटेनर दिसत नाही. भरलेल्या टँकरच्या तळाला किंवा पंख्याला तो लागला तर दुसरा अपघात पहिल्याच्या कितीतरी पट मोठा झाला असता. 'चित्रा'मधून गेलं ते सुमारे 800 टन जहाजाचं इंधन. मध्यम आकाराच्या एका भरलेल्या क्रूड, म्हणजे कच्च्या तेलाच्या टँकरमध्ये 80-90 हजार टन तेल असतं. त्यामुळे नौदलाने सोनारने तळ तपासून मार्ग मोकळा असल्याचं सांगेपर्यंत वाहतूक बंद ठेवणं हा निर्णय मला पूर्ण योग्य वाटतो. व्यापाऱ्यांनी आणि आयातदारांनी तेव्हा त्रागा केला, कारण दर दिवसाचं नुकसान मोठं होतं. पण पावसाळी, गढूळ पाण्यात, ऐन अमावास्येच्या उधाणात धोका पत्करण्याएवढी घाई कोणत्याच मालाची नव्हती.

आता रिफायनरीच्या नियोजन विभागात बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघू. या विभागाला आणि टाक्या-नळ सांभाळणाऱ्या विभागाला अशा वेळी एकच प्रश्न वरून विचारला जातो: साठा किती दिवस पुरेल? 90 हजार टनांचा एक टँकर दोन्ही कारखाने पूर्ण क्षमतेने चालले तर दोन दिवसही पुरत नाही. पाच दिवस टँकर आला नाही तर अडीच लाख टनांचा प्रश्न उभा राहतो. त्यातला काही भाग मुंबई हायची वाहिनी भरून काढते. उरलेला टाक्यांमधून. या हिशेबात आठवड्याभराची कोंडी माहुलसारख्या कारखान्याने सोसणं अवघड आहे, अशक्य नाही.

किती दिवस पुरेल, हा अर्धाच प्रश्न

पहिली अडचण अशी की तेल म्हणजे एकच वस्तू नाही. मुंबई हायचं तेल हलकं आहे आणि त्यात गंधक जेमतेम 0.2 टक्के. सौदी अरब लाइटमध्ये ते पावणेदोन टक्क्यांच्या वर असतं. युनिटला जाणारं मिश्रण या दोन्हींच्या ठरावीक प्रमाणावर बेतलेलं असतं. टँकर थांबले आणि वाहिनी चालू राहिली की मिश्रण हलक्या बाजूला झुकत जातं. वरून गॅस आणि नॅफ्था (पेट्रोलच्या जातीचं हलकं तेल) जास्त निघू लागतो, खालून जड अवशेष कमी. पहिल्या मनोऱ्याचा माथा तुंबतो आणि जड अवशेषावर चालणारं व्हॅक्यूम युनिट, गंधक काढणारं युनिट अर्धपोटी चालतं. मुंबई हायचं तेल मेणट आहे, थंड झालं की घट्ट होतं, म्हणून वाहिनीतला प्रवाह मनाला येईल तसा थांबवता-चालवताही येत नाही. थोडक्यात, 'एकूण साठा आठ दिवसांचा' हे वाक्य खरं असूनही उपयोगाचं नसतं. विचारायचं ते हे की कोणत्या जातीचं तेल किती दिवसांचं.

दुसरी अडचण त्याहून मोठी, आणि बाहेरच्या माणसाच्या लक्षात ती येतच नाही. किनाऱ्यावरची रिफायनरी कच्चं तेल संपल्यामुळे थांबण्याआधी, तयार माल ठेवायला जागा नाही म्हणून थांबण्याचा संभव जास्त असतो.

माहुलचा माल कुठकुठून बाहेर जातो ते पाहू. पेट्रोल आणि डिझेल यांचा मोठा भाग जमिनीवरच्या वाहिन्यांमधून जातो. भारत पेट्रोलियमची वाहिनी घाट चढून मनमाडजवळ पानेवाडीला जाते आणि तिथून पुढे मध्य प्रदेशमार्गे दिल्लीजवळ बिजवासनपर्यंत. हिंदुस्तान पेट्रोलियमची वाहिनी वाशीवरून पुण्याजवळ लोणीला आणि पुढे सोलापूरजवळ पाकणीला जाते. विमानाचं इंधन माहुलहून नळानेच सांताक्रूझला जातं. जड तेलातलं काही तेव्हा शेजारच्या ट्रॉम्बे औष्णिक केंद्राच्या तेलावर चालणाऱ्या संचासाठी जायचं. शहरासाठी टँकर-लॉऱ्या. या सगळ्याला समुद्राचं काही देणंघेणं नाही. 7 ऑगस्टनंतरही मुंबईत, नाशकात, पुण्यात पंप कोरडे पडले नाहीत, त्यामागे या वाहिन्या आहेत. नव्वदच्या दशकाआधी, जेव्हा पानेवाडीची वाहिनी नव्हती, तेव्हा अशी कोंडी झाली असती तर रेल्वेच्या वाघिणींवर सगळा भार पडला असता.

उरतो तो माल जहाजानेच जातो. निर्यातीचा नॅफ्था, फर्नेस ऑइल, दुसऱ्या बंदरांना किनारी टँकरने जाणारं इंधन. याला जमिनीवरचा दुसरा रस्ता जवळजवळ नाही, आणि हे पदार्थ तयार होणं थांबवता येत नाही. कच्च्या तेलाचं पिंप उकळलं की त्यातून पेट्रोलही निघणार, नॅफ्थाही आणि जड तेलही. फक्त डिझेल तेवढं काढू, असं म्हणता येत नाही.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. समजा एका कारखान्यात फक्त जहाजानेच जाऊ शकणारा नॅफ्था दिवसाला 2,000 टन तयार होतो आणि नॅफ्थाच्या टाक्यांमध्ये मोकळी जागा 9,000 टनांची आहे. कच्चं तेल आठ दिवसांचं आहे. तरीही पाचव्या दिवशी दुपारी कारखाना अडतो. साठ्याच्या तक्त्यात मोकळ्या जागेचा रकाना शेवटी असतो. अशा वेळी तो पहिला वाचावा.

मग काय करता येतं? अनुभवी माणसं अशा वेळी मनोऱ्याच्या कापण्याच्या सीमा, म्हणजे कोणता पदार्थ कुठल्या तापमानापर्यंत वेगळा काढायचा ती हद्द, थोड्या सरकवतात. नॅफ्थाचा जड भाग केरोसीनमध्ये ढकलायचा. पण विमानाच्या इंधनाचा ज्वलनांक (फ्लॅश पॉइंट) किमान 38 अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यामुळे हे फार ताणता येत नाही. केरोसीनचा काही भाग डिझेलमध्ये. जास्तीत जास्त नॅफ्था रिफॉर्मरला देऊन पेट्रोल करायचं, कारण पेट्रोलला वाहिनी आहे. जड अवशेष फर्नेस ऑइलमध्ये न टाकता डांबराकडे वळवायचा. इथे ऑगस्ट महिना आडवा येतो: आषाढ-श्रावणात रस्त्याची कामं बंद, डांबराला उठाव नाही. डिझेलचीही मागणी पावसाळ्यात उतरलेली असते, शेतातले पंप बंद असतात. म्हणजे ज्या दिवसांत समुद्राचा रस्ता बंद होण्याची भीती सर्वांत जास्त, नेमक्या त्याच दिवसांत टाक्या भरलेल्या असण्याची शक्यताही जास्त. पावसाळ्यासाठी कच्चं तेल भरून ठेवा हा सल्ला सगळे देतात. तयार मालाच्या टाक्या पावसाळ्याआधी खाली करून ठेवा, हा तितकाच महत्त्वाचा सल्ला फारसा ऐकू येत नाही.

आतल्या धक्क्याला अडकलेला रिकामा टँकर अशा वेळी उपयोगी पडतो. त्यात नॅफ्था किंवा फर्नेस ऑइल भरून ठेवलं तर तीच एक तरंगती टाकी होते. डिमरेज भरावं लागतं खरं, पण युनिट बंद करून पुन्हा सुरू करण्याच्या खर्चापुढे ते किरकोळ.

आणि शेवटचा उपाय, चालण्याचा वेग कमी करणं. क्रूड युनिट साधारण निम्म्या भारापर्यंत खाली आणता येतं. त्याखाली मनोऱ्यातली थाळ्यांची रचना नीट काम करत नाही, भट्ट्या हेलकावे खातात. माझं मत असं, की वेग कमी करायचा तर पहिल्याच दिवशी थोडा करावा. चौथ्या दिवशी घाईने निम्म्यावर येण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून चौथा हिस्सा कमी केलेला बरा. साठाही लांबतो, माल साठण्याचा वेगही उतरतो आणि जलमार्ग लवकर उघडला तर नुकसान मामुली. पण पहिल्या दिवशी असा निर्णय घेणं कठीण असतं. उद्या रस्ता उघडेल असं सगळ्यांनाच वाटत असतं, आणि वेग कमी केल्याचा तोटा त्याच संध्याकाळी कागदावर दिसतो. न केल्याचा दिसायला चार दिवस लागतात.

उघडल्यावरचा प्रश्न

आठवडा पुरा व्हायच्या आत मर्यादित वाहतूक सुरू झाली, सुरुवातीला दिवसाउजेडी आणि मोजक्या जहाजांना. इथे निसर्गाने साथ दिली. कोकणात लहान मुलांनाही भरतीचा हिशेब शिकवतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. 10 ऑगस्टला अमावास्या होती. म्हणजे त्यानंतरच्या द्वितीया-तृतीयेला पूर्ण भरती दुपारी दीड ते सव्वादोनच्या सुमारास. उधाणाचं पाणी आणि लख्ख उजेड एकाच वेळी. हीच घटना आठ दिवस आधी-नंतर घडून जलमार्ग अष्टमीच्या आसपास उघडला असता तर भरती सकाळी-संध्याकाळी सहाच्या दरम्यान आली असती, तीही भांगाची. दिवसाउजेडीच्या नियमात खोल बुडीचा टँकर मग अडकूनच राहिला असता.

पहिला कोण आत येणार हा प्रश्न नुसत्या रांगेने सोडवायचा नसतो. कंटेनरवाले, कोळसेवाले, तेलवाले सगळेच बाहेर ताटकळलेले असतात. तेलवाल्यांतही क्रूडचा टँकर आधी आत घ्यावा की आतला भरलेला नॅफ्थाचा टँकर आधी बाहेर सोडावा? वर सांगितलेल्या हिशेबाने उत्तर बहुतेकदा दुसरं असतं. आधी धक्का मोकळा करा, आधी टाक्यांना जागा द्या. कच्च्या तेलाचा टँकर घाईने आत घेतला आणि त्याचा माल घ्यायला रिकामी टाकीच नसली तर तो धक्का अडवून बसतो आणि कोंडी जलमार्गातून उचलून धक्क्यावर आणल्यासारखी होते. बंदर आणि दोन्ही कंपन्या यांच्यात रोज टाक्यांच्या स्थितीची मोकळी देवाणघेवाण असेल तरच हा क्रम नीट लावता येतो. या दोन कंपन्या बाजारात एकमेकींच्या स्पर्धक आहेत, पण समुद्राच्या बाजूने त्यांचं नशीब एकच आहे.

या घटनेनंतरच्या वर्षांमध्ये जलमार्ग खोल केला गेला आणि जवाहर द्वीपावर मोठ्या सुएझमॅक्स टँकरांसाठी पाचवा धक्का उभा राहिला. मोठं जहाज म्हणजे दर टनामागे कमी भाडं, कमी फेऱ्या, टक्कर होण्याची संधीही कमी. मला हा बदल योग्यच वाटतो. मात्र त्याची किंमत टाक्यांच्या बाजूला मोजावी लागते. सुएझमॅक्समध्ये दीड लाख टनांपर्यंत माल असतो. तो एका दमात उतरवायचा तर तेवढी रिकामी जागा एका वेळी हवी, आणि पुढचा टँकर येईपर्यंत पुरेल एवढा साठाही हवा. एक टँकर चुकला तर पूर्वी दोन दिवसांचं तेल चुकायचं, आता तीन दिवसांचं चुकतं. शिवाय सगळा भार त्याच बेटावर राहतो. 6 ऑक्टोबर 2017ला तिथल्या डिझेलच्या एका टाकीवर वीज पडली आणि ती आग पुरती विझायला तीन दिवस लागले.

कोकणात नाणारला आणि नंतर बारसूला रिफायनरीची चर्चा झाली तेव्हा नाणारसाठी वर्षाला 6 कोटी टनांचा आकडा सांगितला गेला होता. दिवसाला 1 लाख 64 हजार टन. म्हणजे दर तीन दिवसांना जवळपास दोन व्हीएलसीसी, आणि तेवढ्याच वजनाचा माल पुन्हा बाहेर. त्या वादात कोणत्याही बाजूला उभं राहणाऱ्याने जमिनीच्या एकरांबरोबर हेही विचारावं असं मला मनापासून वाटतं: तेल बोयाला उतरणार की धक्क्याला, पावसाळ्यातले किती दिवस तो बोया वापरता येईल, मासेमारीच्या नौका त्याच पाण्यातून कुठून जातील, तयार मालाला घाट चढून जाणारी वाहिनी आहे का, आणि टँकर आठ दिवस आला नाही तर नॅफ्था कुठे ठेवणार.